कस्टम बॅरल की कंपनीचं बॅरल? कोल्हापूरच्या रायफल नेमबाजांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे नेहमीचे प्रश्न

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ घेतलं, तेव्हापासून कोल्हापुरातल्या दुधाळी रेंजवर नवी पोरं यायची थांबलेली नाहीत. त्याआधी २०१० मध्ये तेजस्विनी सावंतनं म्युनिकला प्रोनमध्ये (पालथं झोपून) ६०० पैकी ५९७ मारून विश्वविजेतेपद आणलं होतं, तेव्हाही असंच झालं होतं. पोरं येतात, त्यांच्यामागून पालक येतात आणि वर्षा-दोन वर्षांत एक प्रश्न ठरलेला: "सर, बॅरल बदलून कस्टम टाकलं तर गुण वाढतील का?" मी आधी नेमबाज होतो. आता पोरांच्या रायफली बघतो, साइट बसवून देतो, नळ्या तपासतो. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं. इथलं बोलणं .२२ च्या (टू-टू), म्हणजे ०.२२ इंची नळीच्या, स्पर्धेत मारायच्या स्मॉलबोअर मॅच रायफलीबद्दल आहे. दुसऱ्या रायफलीचा विषय आला की तिथं तसं सांगितलं आहे.

कस्टम बॅरल म्हणजे नेमकं काय?

रायफल बनवणाऱ्या कंपनीनं स्वतःच्या रायफलीला लावून पाठवलेलं ते फॅक्टरी बॅरल. फक्त बॅरलच बनवणाऱ्या कारखान्याची कोरी नळी घेऊन, ती एखाद्या जाणकार गनस्मिथनं तुमच्या ॲक्शनला (गोळी भरायची-मारायची यंत्रणा) मापात बसवून, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाशी गोळी बसते ती जागा) कापून, तोंड घासून दिली की ते कस्टम. या कोऱ्या नळीला ब्लँक म्हणतात. अमेरिकेत शिलेन, लिल्जा, हार्ट, क्रीगर, बार्टलाइन ही त्यातली नावाजलेली नावं. जर्मनीत लोथार वॉल्थर. हे १९२५ पासूनचं बॅरलचंच काम करणारं घराणं आहे. रायफली-पिस्तुलं बनवणारी वॉल्थर ही वेगळी कंपनी, आपल्याकडे दोन्हींची नेहमी गल्लत होते.

म्हणजे कस्टममध्ये दोन माणसांचं काम एकत्र येतं: नळी बनवणाऱ्याचं आणि ती बसवणाऱ्याचं. पालक नळीचं नाव विचारतात, बसवणाऱ्याचं विचारत नाहीत. पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा इथंच.

मग फॅक्टरीचं बॅरल हलकं असतं का?

कुठली फॅक्टरी, यावर आहे. शिकारीसाठी किंवा डबे पाडण्यासाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त .२२ रायफलीत चेंबर मुद्दाम ऐसपैस ठेवलेलं असतं. कुठल्याही कंपनीची, मळलेली, ओली गोळी आत जावी आणि रिकामं काडतूस सहज बाहेर यावं, हा त्यामागचा हेतू. अशी गोळी नळीत शिरताना किंचित तिरकी शिरू शकते. त्या रायफलीला चांगलं कस्टम बॅरल लावलं तर फरक डोळ्यांना दिसेल.

पण आपली पोरं जी रायफल मारतात ती तशी नसते. ॲनशुट्झ, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, ब्लायकर यांच्या मॅच रायफलीचं बॅरल फॅक्टरीत तयार झालेलं असलं तरी ते मॅचसाठीच तयार झालेलं असतं. चेंबर इतकं घट्ट की गोळी आत ढकलताना शेवटी बोटाला किंचित अडखळ जाणवते, कारण शिशाचं टोक तिथंच रायफलिंगमध्ये, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांत, रुततं. ॲनशुट्झच्या मॅच रायफलीसोबत कारखान्यात मारलेलं टेस्ट टार्गेट येतं. ते जपून ठेवा. पुढं कधी शंका आली तर 'ही रायफल नवी असताना काय मारत होती' याचा तोच एक पुरावा असतो. माझ्याकडे आलेल्या दहापैकी आठ घरांत तो कागद हरवलेला असतो.

ऑलिम्पिकच्या लाइनीवर बघाल तर बहुतेक जण कंपनीच्याच बॅरलनं मारताना दिसतील. कस्टम बॅरलचं खरं राज्य आहे ते रिमफायर (.२२ सारख्या, कडेला ठोका बसणाऱ्या गोळीच्या) बेंचरेस्टमध्ये. तिथं रायफल टेबलावर ठेवून मारतात, माणसाचा होल्ड, म्हणजे रायफल स्थिर धरणं, जवळजवळ बाजूला होतो आणि अर्ध्या मिलिमीटरवर स्पर्धा सुटते.

फरक पडतो तो किती? गुणांत सांगा.

गुणांत सांगतो. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. गोळी ५.६ मिलिमीटरची. गोळीची कड वर्तुळाला नुसती टेकली तरी दहा मिळतात, म्हणून गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिलिमीटरपर्यंत कुठंही पडला तरी दहा. आणि दशांशात मोजताना दर ०.८ मिलिमीटरला एक दशांश जातो.

चांगली फॅक्टरी मॅच रायफल शिकंज्यात आवळून, तिला मानवणाऱ्या लॉटनं (लॉट म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेल्या गोळ्या) ४० गोळ्या मारल्या तर सगळी भोकं मिळून बाहेरून-बाहेर साधारण २० मिलिमीटरच्या आसपास बसतात. त्यातून गोळीची जाडी वजा केली तर मध्य ते मध्य १४-१५ मिलिमीटर. दहाला आपल्याला १६ ची मुभा आहे. म्हणजे रायफल एकटी सोडली तर ती चाळीसच्या चाळीस दहा मारते. उरलेलं जे काही नऊ आणि आठ आहे ते खांद्याचं, श्वासाचं, ट्रिगरचं आणि वाऱ्याचं.

उत्तम कस्टम बॅरल त्या २० चे १७-१८ करू शकेल. करेलच असं नाही, करू शकेल. ज्याचा प्रोनचा होल्ड आधीच दहाच्या आत आहे, त्याला त्यातून दशांश मिळतात आणि प्रोनमध्ये किंवा फायनलमध्ये दशांश म्हणजे पदक. पॅरिसच्या त्या फायनलमध्ये स्वप्नीलचे ४५१.४ होते. तिथं दशांशाची किंमत काय, हे मी सांगायला नको. पण जी मुलगी स्टँडिंगमध्ये अजून २० पैकी सहा-सात नऊ मारते आहे, तिला ते दोन मिलिमीटर कुठं गेले ते कळणारसुद्धा नाही.

पोरीचे ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचे गोळ्यांचे पुंजके, अचानक उघडले आहेत. बॅरल संपलं का?

बहुधा नाही. बॅरल अचानक संपत नाही, ते हळूहळू थकतं. अचानक काही झालं असेल तर दुसरीकडे बघा.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कागलकडची एक मुलगी, प्रोनमध्ये चांगली. तीन आठवडे तिच्या गोळ्या आडव्या पसरत होत्या. वडिलांनी कस्टम बॅरलसाठी पतसंस्थेत अर्ज टाकायची तयारी केली होती. रायफल माझ्याकडे आणली. मी नळीत बघायच्या आधी ॲक्शन स्टॉकला धरून ठेवणारे दोन्ही स्क्रू बघितले. पुढचा ठीक होता. मागच्याला टॉर्क पाना (ठरावीक जोरानं आवळणारा) लावला तर तो जवळजवळ पाव फेरा फिरला. लाकडी स्टॉक. पावसात लाकूड फुगतं, उन्हात बसतं, स्क्रू आपोआप सैल होतो. ती म्हणाली, "सर, मी तर कधी हातच लावला नाही." बरोबर होतं तिचं, हात न लावल्यामुळंच सैल झाला होता. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर दोन्ही आवळले, दहा गोळ्या मारल्या. ग्रुप जागेवर. अर्ज परत घेतला.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी स्टॉकचे स्क्रू. मग साइटचे स्क्रू, मागची साइट बोटानं हळूच हलवून बघा. मग गोळीचा डबा. लॉट नंबर बदलला का? मग नळीचं तोंड. मग चेंबरच्या पुढचं कार्बनचं कडं. .२२ मध्ये शेकडो राउंडांनंतर चेंबर संपतं तिथं जळलेल्या पावडरचं, मेणाचं कडक कडं बसतं, ते नळी पुसायच्या नुसत्या फेल्ट पेलेटनं (नमद्याच्या गोळीनं) निघत नाही. ते नीट काढलं की कित्येक 'संपलेली' बॅरल परत जिवंत झालेली मी बघितली आहेत. हे सगळं करूनही ग्रुप उघडाच राहिला तर बॅरलचा विचार.

नळीचं तोंड म्हणजे काय बघायचं?

गोळी नळी सोडते ती शेवटची कडा. तिला क्राउन म्हणतात. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करून, बोल्ट बाहेर काढून, ट्यूबलाइटखाली सोनारासारखं भिंग डोळ्याला लावून तोंडाकडे बघा. आतल्या प्रत्येक खाचेची कड सारखी, धारदार दिसली पाहिजे. त्यानंतर शिशाच्या धुराची नक्षी बघा. चांगल्या तोंडावर प्रत्येक खाचेतून बाहेर सारखी पाकळी उमटते, फुलासारखी. एक पाकळी लांब, एक तोकडी दिसली तर त्या बाजूनं वायू आधी निसटतो आणि गोळीला जाताजाता धक्का देतो.

हे तोंड सगळ्यात जास्त खराब होतं ते तोंडाकडून साफसफाई केल्यामुळं. सळई नेहमी चेंबरच्या बाजूनं, बोअर गाइड (सळई नळीच्या मधोमध ठेवणारा भाग) लावून घाला. कडा मोडलीच तर ती लायसन्सधारक गनस्मिथ पुन्हा कापून देतो. बॅरल बदलण्याच्या खर्चाच्या मानानं हे किरकोळ काम आहे आणि कितीदा तरी तेवढ्यानं भागतं.

आतल्या खाचा कशा पाडतात? कुठली पद्धत चांगली?

तीन पद्धती. एकीत कठीण धातूचं, खाचांच्या आकाराचं बटण नळीतून ओढतात, खाचा दाबून उमटतात. दुसरीत एका बारीक हुकानं एकेक खाच थोडी-थोडी कापत नेतात, एका नळीला शेकडो फेऱ्या लागतात. तिसरीत आत मँड्रेल ठेवून बाहेरून यंत्राच्या हातोड्यांनी ठोकतात, त्याला हॅमर फोर्जिंग म्हणतात. हे तंत्र जर्मनीत १९३० च्या दशकाच्या शेवटाला पुढं आलं, कारण नळ्या झपाट्यानं हव्या होत्या.

शिलेन, लिल्जा, हार्ट बटणवाले. क्रीगर, बार्टलाइन कापणारे. दोन्हीकडून जगज्जेती बॅरल निघालेली आहेत. पद्धतीवर वाद घालण्यात आपल्या रेंजवरच्या चहाच्या टपरीवर मी बऱ्याच संध्याकाळी घालवल्या आहेत, आणि आता मला त्यात रस उरलेला नाही. एकसारखेपणा कोण जास्त काळजीनं मोजतो, एवढं मला महत्त्वाचं वाटतं.

'लॅप केलेलं बॅरल' म्हणतात ते काय?

इथंच कस्टमचे खरे पैसे जातात, म्हणून जरा सविस्तर.

नळीच्या आत शिसं ओतून तिच्याच आकाराचा ठोकळा तयार करतात. त्याला बारीक घासणारी पेस्ट लावतात आणि सळईनं पुढं-मागं फिरवतात. हातानं. कारागिराच्या तळव्याला नळीतली घट्ट-सैल जागा कळते. घट्ट जागी तो जास्त फेऱ्या मारतो, सैल जागी सोडून देतो. शेवटी सगळी नळी एकसारखी लागते. चांगल्या कामात टोकापासून टोकापर्यंत फरक अडीच ते पाच मायक्रॉनच्या आत राहतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या टर्नरला सांगतो: एक-दोन दशांश थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), आणि तेही ६०-६५ सेंटिमीटर खोल, पेन्सिलीपेक्षा बारीक भोकात.

.२२ ची गोळी मऊ शिशाची असते. नळीत एखाद्या जागी ती आवळली गेली आणि पुढं सैल जागा आली तर ती पुन्हा फुगत नाही, तशीच ढिली घरंगळत जाते. म्हणून नळी पुढं-पुढं किंचित घट्ट होत गेली तर चालते, सैल होत गेली तर अजिबात चालत नाही. मॅच बॅरलच्या तोंडाशी हलकासा चोक ठेवतात तो याचसाठी.

जाणकार माणूस हे तपासतो ते असं: शिशाची मऊ गोळी चेंबरकडून नळीत घालून सळईनं अगदी सावकाश ढकलतो. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा एका नावाजलेल्या फॅक्टरी बॅरलमध्ये गोळी लोण्यासारखी गेली, शेवटच्या चार बोटांवर हात जड झाला आणि ती टक्कन बाहेर पडली. तो जडपणा म्हणजेच चोक. त्याच दिवशी दुसऱ्या एका महागड्या कस्टम बॅरलमध्ये मध्येच सळई सैल पडली. ते बॅरल त्या मुलाला कधीच लागू पडलं नाही. नावावर जाऊ नका, असं मी म्हणतो ते या हातानं अनुभवलेलं आहे.

बॅरल आधी घ्यावं की गोळीचे लॉट तपासावेत?

लॉट. यात मला अजिबात शंका नाही.

एली टेनेक्स, लापुआ, आरडब्ल्यूएस आर-५० या मॅचच्या गोळ्यांच्या प्रत्येक डब्यावर लॉट नंबर असतो. डबा तोच, किंमत तीच, पण लॉट बदलला की तुमच्या बॅरलला तो आवडेल की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. वेगाचंच बघा: गोळी साधारण ३३० मीटर प्रतिसेकंद वेगानं निघते. दोन गोळ्यांच्या वेगात ५ मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर उभ्या रेषेत साडेतीन-चार मिलिमीटरचा फरक पडतो. दशांशात सांगायचं तर चार-पाच दशांश, एका गोळीमागे.

बाहेरच्या देशातले नेमबाज रायफल घेऊन लापुआच्या जर्मनीतल्या शोनेबेकच्या किंवा एलीच्या इंग्लंडमधल्या टेस्ट रेंजवर जातात, शिकंज्यात रायफल लावतात, एकामागून एक लॉट मारून बघतात आणि जुळला तो हजारोंच्या संख्येनं उचलतात. आपल्या सगळ्यांना ते जमण्यासारखं नाही. पण चार-पाच पालकांनी मिळून वेगवेगळ्या लॉटचे एकेक-दोन डबे घ्यावेत. वारा पडलेल्या सकाळी, प्रोनमध्ये, पुढं-मागं वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून, एकाच मुलानं प्रत्येक लॉटच्या दहा-दहाच्या चार फैरी माराव्यात. पाच गोळ्यांवर निकाल लावू नका, पाचात नशीब खूप असतं. लॉट बदलताना आधी दहा-पंधरा गोळ्या सोडून द्या, कारण जुन्या गोळीचं मेण नळीत असतं. प्रत्येक रायफलीचा निकाल वहीत लिहा. एका पोराला न मानवलेला लॉट दुसऱ्याच्या रायफलीला अगदी फिट बसतो, आणि मग डब्यांची अदलाबदल करायची. हे काम आम्ही गेली काही वर्षं करतो आहोत. एकाही बॅरलला हात न लावता ग्रुप तीन-चार मिलिमीटरनं आत आलेले आहेत.

.२२ चं बॅरल किती राउंडांनंतर बदलावं लागतं?

आकडा लावून चालत नाही. नीट सांभाळलेलं बॅरल लाखाच्या घरात राउंड मारूनही चांगलं असलेलं मी बघितलं आहे, तर काही त्याच्या निम्म्यात थकतात. झीज सुरू होते ती चेंबरच्या लगेच पुढं, खालच्या बाजूला, घड्याळातल्या सहाच्या जागी. प्रायमरमध्ये, म्हणजे पावडर पेटवणाऱ्या मसाल्यात, बारीक काच असते, तिचे कण तिथं खाली बसतात आणि पुढची गोळी त्यांना घासत नेते. बोअरस्कोपमध्ये (नळीच्या आत बघायची दुर्बीण) तिथं खरबरीत चट्टा दिसतो. चट्टा दिसला म्हणून लगेच घाबरू नका, टार्गेट काय सांगतं ते आधी.

सेंटरफायरचं, म्हणजे बुडाच्या मध्यावर ठोका बसणाऱ्या जोरदार गोळीच्या रायफलीचं, गणित निराळं आहे. ३०० मीटरच्या ६ मिलिमीटरच्या मॅच रायफलीचं बॅरल काही हजार राउंडांतच उष्णतेनं जळतं. त्या खेळात बॅरल हा टायरसारखा खर्च असतो आणि म्हणूनच तिथं कस्टम बॅरल ही नेहमीची गोष्ट आहे.

लांब बॅरल जास्त अचूक मारतं ना?

नाही. .२२ ची पावडर ४०-४८ सेंटिमीटरपर्यंत जळून जाते, त्यापुढं नळी गोळीला फारसा वेग देत नाही. मॅच रायफल लांब दिसते ती दोन्ही साइटमधलं अंतर वाढावं म्हणून. त्यासाठी आजकाल आखूड नळी आणि पुढं पोकळ ट्यूब हाही मार्ग आहे.

जाड नळी कमी थरथरते, पण वजन पुढं जातं. स्टँडिंगमध्ये काहींना ते आवडतं. बारीक चणीच्या मुलीला ते त्रासाचं होतं. तोल आधी, जाडी नंतर.

स्टेनलेस घ्यावं की साधं?

मॅच बॅरल क्रोममॉलीचंही (साधं क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद) असतं आणि स्टेनलेसचंही. .२२ मध्ये अचूकतेत मला फरक दिसलेला नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओली, म्हणून स्टेनलेस गंजाच्या बाबतीत निभावून नेतं. निभावून नेतं, गंजतच नाही असं नाही. रेंजवरून आल्यावर रायफल भिजक्या फोमच्या पेटीत बंद करून ठेवणं हे कुठल्याही पोलादाचं मरण आहे. पेटी उघडी ठेवा, नळीतून तेलाचा एक पॅच काढा, दुसऱ्या दिवशी मारायच्या आधी तो कोरडा करा.

एअर रायफलीला कस्टम बॅरल लागतं का?

१० मीटरची मॅच एअर रायफल असेल तर नाही. त्या रायफली शिकंज्यात जवळजवळ एकाच भोकातून मारतात. पेलेटचं माप आणि लॉट तपासा, सिलिंडरचा दाब बघा, बाकी सगळा वेळ होल्डवर द्या.

उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात इतके कुशल कारागीर आहेत. इथंच बनवून घेतलं तर?

हा प्रश्न प्रेमानं विचारला जातो, हे मला कळतं. ऑइल इंजिनपासून मोटारीच्या सुट्या भागांपर्यंत काय नाही बनवलं आपल्या माणसांनी. पण याचं उत्तर स्पष्ट 'नाही' आहे, आणि ते माझ्या मताचं नाही, कायद्याचं आहे.

शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे बंदुकीचे भाग हेही बंदुकीतच मोजले जातात. लायसन्स नसताना ते बनवणं, दुरुस्त करणं, विकणं हा गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बनवण्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे. नळी आखूड करण्याबद्दलही कायद्यात स्वतंत्र कलम आहे. 'मामाच्या लेथवर नुसतं तोंड घासून घेतो' हेसुद्धा करू नका. मामा आणि भाचा दोघंही अडकतात, मुलाचं करिअर तिथंच संपतं.

मग बॅरल बदलायचं तर कायदेशीर रस्ता कुठला?

तुमच्या लायसन्सवर रायफलीचा बोअर आणि नंबर लिहिलेला असतो. म्हणून ऑर्डर देण्याआधी कलेक्टर कचेरीतल्या शस्त्र परवाना शाखेत लेखी अर्ज द्या, काय बदलणार ते लिहा, पोच घ्या. बाहेरून आणायचं असेल तर नेमबाजाचा दर्जा, जिल्हा आणि राज्य संघटनेची पत्रं, राष्ट्रीय रायफल संघटनेची शिफारस आणि आयातीची परवानगी हे सगळं लागतं. बसवण्याचं काम फक्त दुरुस्तीचं लायसन्स असलेल्या माणसाकडे, आणि त्याच्याकडून पावती. एअर रायफल ४.५ मिलिमीटरची आणि २० ज्यूलच्या आत असेल तर तिला परवाना लागत नाही, पण टू-टूला ती सवलत नाही. कागद सहा-आठ महिने फिरतील हे धरून चाला आणि स्पर्धेच्या मोसमाच्या तोंडावर हे काम काढू नका.

बसवणारा कसा पारखायचा?

माझा स्वतःचा मोसम यात गेला, म्हणून सांगतो. मी मारत होतो तेव्हा एका नामांकित ब्लँकवर पैसे घातले आणि बसवायला दूरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे दिलं. लायसन्स होतं, पण मॅचचं काम त्यानं फारसं केलं नव्हतं. रायफल परत आली ती चकचकीत. पहिल्याच दिवशी ग्रुप जुन्या बॅरलच्या दीडपट. महिनाभर मी स्वतःलाच दोष दिला. शेवटी रेंजवर, रोख टार्गेटकडे ठेवून, एक गोळी चेंबरमध्ये घातली आणि न मारता बाहेर काढली. शिशाच्या टोकावर रायफलिंगचे ठसे एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला काहीच नाहीत. चेंबर नळीच्या मध्यावर कापलेलंच नव्हतं. प्रत्येक गोळी तिरकी शिरत होती. ब्लँक निर्दोष होता.

तेव्हा पारख हीच: काम घेऊन आल्यावर गोळीवरचे ठसे बघा. सगळीकडून सारखे, सारख्याच खोलीचे असले पाहिजेत. आणि काम देण्याआधी त्यानं बसवलेल्या दोन-तीन .२२ मॅच रायफली स्वतः मारून बघा, त्या नेमबाजांशी बोला.

नव्या बॅरलला ब्रेक-इन करावं, म्हणजे सुरुवातीला ठरावीक पद्धतीनं मारून रुळवावं, लागतं का?

.२२ ला विशेष विधी नाही. स्वच्छ करा, एकाच प्रकारच्या गोळीनं शे-दोनशे राउंड मारा, मग ग्रुप बघा. त्याआधी मत बनवू नका.

जुनी मॅच रायफल घेताना बॅरलबद्दल काय विचारावं?

किती वर्षं मारली यापेक्षा कोणी साफ केली आणि कशी, हे विचारा. टेस्ट टार्गेट मागा. शेवटचा कुठला लॉट जुळला होता ते विचारा, त्या लॉटचे डबे उरले असतील तर रायफलीसोबत मागून घ्या. तोंड भिंगानं बघा. आणि सौदा करण्याआधी शंभर गोळ्या मारायची परवानगी मागा, जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

मग कस्टम बॅरल घ्यावं तरी कुणी?

तिघांनी. ज्याचं फॅक्टरी बॅरल खरंच थकलं आहे, वरचं सगळं करून झालं आहे, आणि कंपनीचं नवं बॅरल मिळायला कस्टमइतकाच वेळ आणि पैसा लागणार आहे, त्यानं. ज्याची ॲक्शन उत्तम आहे पण बॅरल पहिल्या दिवसापासून कुठल्याच लॉटला मानत नाही, त्यानं. अशी बॅरल निघतात, चांगल्या कंपनीतूनही निघतात. आणि जो देशाच्या चाचण्यांत दशांशावर मागं पडतो आहे, त्यानं.

बारावीच्या आतल्या, अजून राज्य स्पर्धेत पात्रतेसाठी झगडणाऱ्या पोराच्या आईवडिलांना मी हात जोडून सांगतो, उसाचं बिल यात घालू नका. तेवढ्याच पैशांत एका वर्षाच्या चांगल्या गोळ्या, एक नीट बसणारं जॅकेट आणि बालेवाडीला चार शिबिरं होतात. मी या पोरांना रोज बघतो. गोळ्या मोजून मारणाऱ्या मुलाचा हात अडखळतो, तो प्रत्येक गोळीची किंमत मनात धरून ट्रिगर दाबतो. ते त्याच्या खांद्यात दिसतं. त्याला आधी गोळ्या द्या.

काढलेल्या जुन्या बॅरलचं काय करायचं?

ते अजूनही कायद्यानं बंदुकीचा भाग आहे. भंगारात घालू नका, पडवीत टांगू नका, रेंजवर कुणाला आठवण म्हणून देऊ नका. बसवणाऱ्याच्या पावतीवर त्याचा नंबर लिहून घ्या, परवाना शाखेत नोंद करा आणि ते जमा करायचं की तुमच्याकडे ठेवायचं याचं लेखी उत्तर घ्या. ठेवायची परवानगी मिळाली तर तेल लावून, कोरड्या कापडात गुंडाळून, रायफलीच्या कपाटातच कुलपात ठेवा. सोबत त्याचं टेस्ट टार्गेट आणि जुळलेल्या लॉटची वही ठेवा, कारण नवं बॅरल मानवलं नाही तर पुढच्या मोसमात तेच परत बसवायची वेळ येते. माझ्यावर आली होती.